छत्तिसाव्या दिवशी कुठं जायचं?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावागावांतली निम्मी घरं कुलूपबंद होतात. टोळ्या कारखान्याकडं निघतात. त्या निघायच्या आधी आज आम्ही एका घराची गोष्ट सांगणार आहोत. दारू सोडलेल्या माणसाला राहायला जे घर लागतं, त्याची.

बाटली आडवी कशी करायची, यावर आपल्या गटांत पुष्कळ बोलून झालंय. पण दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याचं काय, हे आपण तेव्हा विचारलंच नाही. ते दुसऱ्या काही बायकांनी विचारलं होतं.

चेन्नईच्या शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी गेले. ऐन तरुणपणी विधवा झालेल्या या बाईंनी १९८० मध्ये व्यसनी माणसांसाठी उपचाराचं काम उभं केलं. इकडं पुण्यात डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या नशेत बुडालेल्या पोरांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे पुढं केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

तिथं पस्तीस दिवस राहायचं असतं. विशेष म्हणजे, बरे झालेलेच पुढं तिथं काम करू लागले. ज्यानं स्वतः चोरून प्यायलीय, त्याला दुसऱ्याची थाप लगेच कळते! बायकोलाही आधार लागतो हे ओळखून ‘सहचरी’ नावाचा बायकांचा गट झाला. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. काम थांबलं नाही, आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते बघते.

पण पस्तीस दिवस संपल्यावर काय? अंगातली दारू काही दिवसांत उतरते, मनातली ओढ महिनोन्‌महिने राहते. माणूस घरी येतो, तर तीच पारावरची मंडळी, तेच हॉटेल, तेच कर्ज. पहिले काही महिने फार नाजूक असतात.

अमेरिकेत याच अडचणीतून एक वाट निघाली. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यात दारू सोडलेल्यांचं एक वसतिगृह पैशाअभावी बंद पडायला आलं. राहणाऱ्यांनी ते घर स्वतःच भाड्यानं घेतलं आणि नाव ठेवलं ऑक्सफर्ड हाऊस. वर साहेब नाही. भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, कामं मतानं ठरवायची, आणि जो पिईल त्यानं घर सोडायचं. मुदत नाही, नियम पाळतोय तोवर राहा. १९८८ च्या कायद्यानं अशी घरं सुरू करायला फिरता निधी आला. कर्ज घ्यायचं, फेडायचं, मग ते पैसे पुढच्या घराला. ऐकताना आम्हाला हसूच आलं. हा तर आपला बचत गट!

आपल्या बीडमध्ये मात्र हे घर म्हणजे एकटी बायकोच. आणि इथं तर कोयताच जोडीचा. नवरा केंद्रात बसला तर अर्धा कोयता कोण घेणार? उचल आधीच खर्च झालेली. मग पस्तीस दिवस पुरे व्हायच्या आत त्याला फडावर न्यावं लागतं. तिथं पाचटाची कोपी, अंग मोडणारं काम, हातात आठवड्याची खर्ची आणि दारू जवळच. सोडलेली दारू फडावर परत धरली की आपण म्हणतो, ‘त्याच्यात दमच नव्हता.’ आम्हीही असंच म्हणत आलो. आता वाटतं, त्याला राहायला तशी जागाच नव्हती. म्हणून उपचार पावसाळ्यातच गाठावा, म्हणजे फडावर जाण्याआधी तीन-चार महिने हाताशी राहतात.

एक सांगायचं राहिलं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका. हात कापतात, भास होतात, फिट येऊन जीवही जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यात न्या. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आपलंच आहे.

आता कायद्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळं होणारे मनाचे आजारही धरलेत. बरं होणाऱ्या माणसासाठी आधाराची निवासव्यवस्था सरकारनं करावी, असं त्यात लिहिलंय. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. म्हणजे असं घर मागणं ही भीक नाही.

आमच्या गटानं ठरवलंय की टोळ्या निघायच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचा. बीड जिल्ह्यात असं घर कुठं आहे, नसेल तर कधी होणार, एवढंच विचारायचं. अर्जाचा नमुना गटाच्या ताईंकडं ठेवलाय. तोवर घरात कुणाला गरज असेल तर व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक १४४४६ लिहून घ्या.