'इन्तोक्सिकादो' म्हणजे नशेत? एका स्पॅनिश शब्दाची आणि चुकलेल्या निदानाची गोष्ट

१९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. कुटुंब मूळचं क्युबाचं, घरात स्पॅनिश बोलणारं. खाण्यातून काहीतरी बाधलं असावं, असा घरच्यांचा अंदाज होता. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तो 'इन्तोक्सिकादो' आहे.

डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला इंग्रजीतल्या 'इंटॉक्सिकेटेड'सारखा, म्हणजे नशेत. ड्रग्जचा ओव्हरडोस धरून उपचार सुरू झाले. दुभाषी कुणी बोलावला नाही, कारण एकमेकांचं बोलणं कळतंय असंच दोन्हीकडे वाटत होतं. प्रत्यक्षात त्या मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. हे लक्षात येईपर्यंत दोन दिवस उलटले आणि त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे कोर्टकचेरी झाली. आयुष्यभराचा हिशोब धरला तर भरपाई सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या घरात जाणारी होती.

तसं पाहिलं तर घरच्यांचा अंदाजही चुकलाच होता. पण खाणं बाधल्याने एवढा धडधाकट मुलगा बेशुद्ध कसा पडला, असा प्रश्न तरी कुणाला पडला असता. ओव्हरडोस म्हटल्यावर बेशुद्धीचं कारण आयतंच मिळालं.

आधी धनुष्य, मग विष

या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत आहे आणि तिथे त्याचा ना दारूशी संबंध ना जेवणाशी. 'तॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायच्या विषाला ग्रीक लोक 'तॉक्सिकॉन फार्माकॉन' म्हणायचे, म्हणजे 'धनुष्याचं औषध'. यातला 'फार्माकॉन' म्हणजे औषधही आणि विषही. आजचा 'फार्मसी' त्याच घराण्यातला. गंमत अशी की पुढे विषाचा अर्थ चिकटला तो धनुष्यवाल्या शब्दाला. लॅटिनमध्ये 'टॉक्सिकम' म्हणजे सरळ विष झालं. धनुष्याचा जुना अर्थही पुरता पुसला गेला नाही. रॉजर अॅस्कमने १५४५ साली तिरंदाजीवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचं नाव 'टॉक्सोफिलस' आहे. अर्थ, धनुष्यप्रेमी.

लॅटिनमधून 'विष देणे' या अर्थाचं क्रियापद युरोपभर पसरलं. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच आणि इटालियनने तो अर्थ धरून ठेवला. शिळं अन्न, औषध, धूर, कशानेही बाधा झाली तरी हाच शब्द. मराठी बातम्यांत 'लग्नाच्या जेवणातून विषबाधा' असं छापून येतं, अगदी तसाच. फ्रेंचांनी त्यात आणखी एक भर घातली. खोटी माहिती पेरून लोकांची दिशाभूल करण्यालाही ते 'इंतॉक्सिकासिआँ' म्हणतात, थोडक्यात 'इंतॉक्स'.

इंग्रजीतही सुरुवातीला अर्थ विषाचाच होता. नंतर दारूची नशा त्यात शिरली आणि रोजच्या बोलण्यात तेवढीच उरली. डॉक्टरी इंग्रजीत मात्र विषबाधेचा अर्थ आजही चालतो. ऑक्सफर्डने २०१८ सालचा शब्द म्हणून निवडलेला 'टॉक्सिक' याच कुळातला. नातं टॉक्सिक आहे असं स्टोरीवर टाकताना धनुष्यबाण कुणाला आठवणार म्हणा!

जर्मनांचं 'गिफ्ट'

जर्मनने विषासाठी वेगळाच शब्द धरला, 'गिफ्ट'. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष. मूळ दोन्हीकडे 'देणे' हेच. ग्रीक 'डोसिस' म्हणजेही दिलेली गोष्ट, औषधाची मात्रा. आपला 'डोस' त्यातूनच आला. त्याच धर्तीवर जर्मन 'गिफ्ट'ला आधी मात्रेचा आणि मग विषाचा अर्थ आला. हुंड्याला मात्र जर्मनमध्ये अजून 'मिटगिफ्ट' म्हणतात. स्वीडिशमध्ये तर 'गिफ्ट' म्हणजे विष आणि 'गिफ्ट' म्हणजेच विवाहित. यावरचे विनोद तिकडे जुने झालेत.

वरवर सारखे दिसणारे पण अर्थाने फसवणारे असे शब्द वैद्यकात आणखीही आहेत. स्पेनमध्ये कुणी 'कॉन्स्तिपादो' आहे म्हणालं, तर त्याला बद्धकोष्ठ नाही, सर्दी झालेली असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'दाटून भरणे'. इंग्रजीत पोट दाटलं, स्पेनमध्ये नाक. सर्दीवर औषध मागायला गेलेल्याच्या हातात रेचक पडू शकतं, ते असं.