मुदतीचा ताप

परवा पनवेलच्या एका दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलो होतो. आतून आवाज आला, "डॉक्टर, उद्या कामावर जायचंय, काहीतरी स्ट्राँग द्या!" ताप आदल्या रात्रीच आलेला. मला आजीच्या तोंडचा शब्द आठवला.. मुदतीचा ताप.

मुदतीचा ताप म्हणजे विषमज्वर, आपला टायफॉइड. साधारण तीन आठवडे मुक्काम. पेज, थंड पाण्याच्या घड्या, घरच्यांची जागरणं आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याची धास्ती. पनवेल तसं औषधांचं जुनं गाव, धूतपापेश्वरांचा आयुर्वेदिक कारखाना इथे १८७२ साली सुरू झाला. पण वैद्य असो की डॉक्टर, ही मुदत कमी करणं कुणाच्याच हातात नव्हतं. कित्येक जण त्यातच जात.

१९४८ साली क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि ताप तीन-चार दिवसांत उतरू लागला. घाटापलीकडे पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं. अशी औषधं हळूहळू गावच्या डॉक्टरच्या कपाटात आली. त्यांनी माणसं वाचवली, यात शंकाच नाही. आज त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ती एकवीस दिवसांची जागरणं आठवावीत.

पण त्याबरोबर आपल्याला एक सवयही लागली. तापाला मुदत असते हेच आपण विसरलो. सर्दी-खोकल्याचा विषाणूचा ताप तीन-पाच दिवसांत आपोआप जातो, अँटिबायोटिकचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही. पण दुसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि चौथ्या दिवशी ताप गेला, की श्रेय गोळीला! डॉक्टरचा हातगुण म्हणून त्याचं नाव होतं आणि पुढच्या वेळी रुग्ण तीच गोळी नावानिशी मागतो. जो डॉक्टर "थांबा, बघू" म्हणतो, त्याचा रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो.

जंतू मात्र शिकत होते. १९७२ साली केरळात कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. १९९० च्या सुमारास देशात ठिकठिकाणी जुनी तिन्ही औषधं एकदम निकामी ठरवणारे जंतू दिसू लागले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, तेही लवकरच बोथट झालं. आता भिस्त मुख्यतः सेफ्ट्रियाक्झोन आणि अझिथ्रोमायसिनवर. म्हणजे मुदत तापाची गेली आणि औषधांना लागली!

सरकारने १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू केलं. त्यातली औषधं देताना केमिस्टने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. यात बरीच अँटिबायोटिक्स आहेत, पण अझिथ्रोमायसिन त्या यादीत आलं नाही. २०१८ साली शेजारच्या नवी मुंबईत महापालिकेने टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम घेतली, लाखाहून जास्त मुलांना लस दिली. ही लस आणि स्वच्छ पाणी, खरा उपाय तोच. पण मोठ्या माणसाला ताप आला की निर्णय होतो तो डॉक्टरच्या टेबलापाशी, दोन-चार मिनिटांत. तिथे वही नाही, कायदा नाही, असतो तो फक्त एकमेकांवरचा विश्वास.

तेवढ्यात तो माणूस बाहेर आला. हातात पॅरासिटॅमॉलची पट्टी. "तीन दिवसांनी ताप राहिला तर रक्त तपासू म्हणे," तो बायकोला कुरकुरत सांगत होता, "उगाच आलो इथे."

मला मात्र वाटलं, आपण बरोबर ठिकाणी आलोय. असो. माझा नंबर आला.