अर्धशिशीचे औषध : झाडपाला, गोळी आणि चिठ्ठी

१/ अर्धे डोके ठणकते, उजेड नकोसा होतो, पोटात ढवळून येते. ही व्याधी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले असून ‘अर्धावभेदक’ हा त्यांपैकी एक. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने तिला ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी, म्हटले. त्याच शब्दाचे घासलेले फ्रेंच रूप म्हणजे ‘मायग्रेन’. मराठीतील ‘अर्धशिशी’ही तेच सांगते.

२/ आज या रुग्णापुढे तीन वाटा असतात : वनौषधी, दुकानात सहज मिळणारी गोळी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध. पहिली निरुपद्रवी, दुसरी किरकोळ आणि तिसरी जहाल, असा सर्वसाधारण समज आहे. अर्धशिशीच्या औषधांचा इतिहास मात्र या समजाला दुजोरा देत नाही.

३/ प्रारंभ एका बुरशीपासून करावा लागतो. राय या धान्याच्या कणसावर वाढणारी अरगट ही बुरशी पूर्णपणे ‘नैसर्गिक’ आहे. मध्ययुगीन युरोपात तिने दूषित झालेली भाकरी खाल्ल्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसत, अवयव काळे पडून झडत. लोक त्या रोगाला ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. महाराष्ट्रातील शेतकरी बाजरीवरचा अरगट ओळखतो. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे दाणे काढून टाकण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

४/ रक्तवाहिन्या आकसविण्याचा हाच गुण पुढे औषध ठरला. १९१८ मध्ये बाझल येथील सँडोझ कंपनीत आर्थर स्टोल यांनी अरगटातून ‘एर्गोटामीन’ वेगळे केले. १९२५ च्या सुमारास झुरिकचे हान्स मायर यांनी ते अर्धशिशीवर वापरले. १९३८ मध्ये जॉन ग्रॅहम व हॅरॉल्ड वुल्फ यांनी दाखविले की, ते टोचल्यावर कानशिलावरील धमनीचे ठोके मंदावतात आणि बहुधा वेदनाही ओसरते. विष तेच होते. मात्रा मोजता येऊ लागली, एवढाच फरक.

५/ पण मोजलेली मात्राही वारंवार घेतली, तर उलटते. १९५१ मध्ये अमेरिकेतील पीटर्स व हॉर्टन यांनी एर्गोटामीन नित्य घेणाऱ्यांच्या डोकेदुखीचे वर्णन केले : औषध थांबले की दुखणे उसळते, म्हणून रुग्ण पुन्हा औषध घेतो. उपायच कारण होऊन बसतो.

६/ दुकानातील गोळीची कुळकथाही झाडापासूनच सुरू होते. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीचा ज्वरावरील उपयोग रॉयल सोसायटीला कळविला. त्या सालीशी नाते सांगणारे ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. त्याच दशकात, १८९३ मध्ये, नागेश्वर राव पंतुलु यांनी मुंबईत ‘अमृतांजन’ सुरू केले आणि डोके दुखले की बाम चोळणे घरोघरी रुळले.

७/ १९९८ मध्ये अमेरिकेने ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल व कॅफीन यांच्या मिश्रणाला अर्धशिशीसाठी चिठ्ठीविना विकण्याची मुभा दिली. अनेकांना त्याचा उपयोग होतो. तथापि पीटर्स व हॉर्टन यांनी वर्णिलेले दुष्टचक्र येथेही आहे. आजच्या निकषांनुसार साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस आणि अशी मिश्रणे १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर औषधानेच डोकेदुखी जडू शकते. ‘किरकोळ’ हे विशेषण तेथे गळून पडते.

८/ वनौषधींची परीक्षाही झाली. शेवंतीच्या कुळातील ‘फीव्हरफ्यू’ची पाने चघळण्याची लाट १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये आली. १९८५ मध्ये लंडनमध्ये, ती पाने आधीपासून खाणाऱ्या १७ रुग्णांवर प्रयोग झाला. ज्यांना नकळत पोकळ कुप्या दिल्या, त्यांचे झटके वाढले. पण याचे दोन अर्थ निघतात : पान गुणकारी होते, किंवा सवय तुटल्याने दुखणे वाढले. लहान प्रयोग आशा देतो, निवाडा देत नाही.

९/ ‘बटरबर’ या वनस्पतीची कथा अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये तिच्या अर्काची प्रतिबंधक उपाय म्हणून शिफारस केली. पुढे यकृताला इजा होण्याची चिंता बळावली आणि २०१५ मध्ये ती शिफारस मागे घेतली गेली. अर्काचा गुण खोटा ठरला नव्हता; त्याची किंमत उशिरा कळली होती.

१०/ चिठ्ठीची सीमारेषाही अचल नाही. पॅट्रिक हम्फ्री यांच्या चमूने ग्लॅक्सो कंपनीत घडविलेले ‘सुमाट्रिप्टन’ १९९१ मध्ये बाजारात आले. ते डोक्यातील रक्तवाहिन्यांवर अधिक नेमके काम करते; तरी हृदयविकार असलेल्यांना वर्ज्य आहे. २००६ मध्ये ब्रिटनने तेच औषध, औषधविक्रेत्याने ठरावीक प्रश्न विचारण्याच्या अटीवर, चिठ्ठीविना देऊ केले. रेणू बदलला नाही. विचारपूस करणारा माणूस बदलला.

११/ चिठ्ठीचे खरे मोल येथेच कळते. ती औषधाच्या जहालपणाची खूण नसून काही प्रश्नांची हमी असते : हृदय कसे आहे? गर्भ आहे का? महिन्यात किती दिवस गोळी लागते? ही डोकेदुखी नेहमीचीच आहे की आज प्रथमच, अकस्मात व भयंकर आली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘प्रथमच’ असेल, तर पान, बाम वा गोळी यांपैकी कशावरही न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

१२/ अरगटाने मध्ययुगात पाय झडविले आणि विसाव्या शतकात वेदना शमविली. औषध कोठून आले, यापेक्षा ते कोणाला, किती आणि कितीदा दिले, यावरच त्याचे अमृत किंवा विष होणे अवलंबून राहिले आहे.