उलांडीची होडी आणि बायका
कोकणात होडी कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात. तशाच होड्यांची शर्यत दूर हवाई बेटांवर होते. मोलोकाई ते ओआहू, सुमारे 66 किलोमीटर खवळलेला समुद्र. पुरुषांची शर्यत 1952 सालची. बायकांना हे पाणी झेपायचं नाही, असं म्हणत. 1975 साली त्यांनी ते पार करून दाखवलं, तरी त्यांची शर्यत सुरू व्हायला 1979 उजाडलं.

त्यांचा सराव ऐका. होडी मुद्दाम उलटवायची, सहाजणींनी मिळून सुलटी करायची, पाणी उपसायचं, पुन्हा वल्हं धरायचं.

गटाच्या बैठकीत आम्ही इथंच अडलो. धडधाकट होडी कोण उलटवतं? पण भर लाटांत ती उलटलीच, तर कुणी काय धरायचं, हे हातांना आधी ठाऊक लागतं.