जकात नाक्यावरचा चित्रकार आणि परीक्षक नसलेले प्रदर्शन

१/१४
एकोणिसाव्या शतकातील पॅरिस. शहराच्या वेशीवर जकात वसूल करणारा एक साधा कर्मचारी वयाच्या चाळिशीत चित्रकार होण्याचे ठरवतो. कलाशाळेचे शिक्षण नाही, कोणा श्रीमंताचा आश्रय नाही. आज त्याची चित्रे लंडन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत. हे घडले त्यात वसंतात भरणाऱ्या एका प्रदर्शनाचा मोठा वाटा होता. ते प्रदर्शन आणि आंरी रुसो यांची ही हकिकत. (तत्त्वज्ञ रुसो वेगळा, तो याच्या शंभर वर्षे आधीचा.) 🧵👇

२/१४
सुरुवात रंगांपासून करावी लागेल. पूर्वी तैलरंग कुटून, तेलात घोटून, डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवत. पिशवी फुटली की रंग वाया. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने दाबून रंग काढता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. तयार रंग आता दुकानात मिळू लागले आणि पिशवीत घालून बागेत किंवा नदीकाठी नेता येऊ लागले. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी चित्रे काढणे त्यामुळे बरेच सोपे झाले.

३/१४
चित्र काढणे सोपे झाले, तरी ते लोकांसमोर मांडणे अवघडच राहिले. पॅरिसमध्ये चित्रकाराचे भवितव्य ठरवणारी जागा एकच होती : ‘सलाँ’ हे मान्यताप्राप्त वार्षिक प्रदर्शन. तेथे परीक्षक मंडळ बसे. मंडळाने चित्र नाकारले की त्या वर्षी ते फारसे कोणाला दिसत नसे. कलाशाळेत शिकलेल्यांची ही गत, तर हौशी माणसाला तेथे जवळजवळ वावच नव्हता.

४/१४
१८८४ च्या वसंतात नाकारल्या गेलेल्या चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवले. १५ मे रोजी त्वीलरी बागेजवळच्या एका तात्पुरत्या इमारतीत ते उघडले. सुमारे ४०० कलावंतांनी भाग घेतला. जॉर्ज सरा या तरुण चित्रकाराचे नदीत आंघोळ करणाऱ्या माणसांचे भव्य चित्र सलाँने नुकतेच नाकारले होते. ते येथे लागले खरे, पण मद्यपानगृहाजवळच्या भिंतीवर.

५/१४
या पहिल्या प्रयत्नात पैशांच्या हिशेबावरून वाद पेटले. त्यातून सरा, पॉल सिन्याक, ओदिलाँ रदाँ आदींनी त्याच वर्षी ‘स्वतंत्र कलावंतांची संस्था’ स्थापन केली. तिचा पाया एका वाक्यात सांगता येतो : परीक्षकही नाहीत आणि पारितोषिकेही नाहीत. वर्गणी भरावी आणि ठरलेल्या संख्येइतकी चित्रे लावावीत. चित्र चांगले की वाईट, हे पाहणाऱ्यांनी ठरवावे.

६/१४
या संस्थेची नियमावली तयार करण्यात पुढाकार होता आल्बेर द्युब्वा-पिये यांचा, आणि ते स्वतःच हौशी चित्रकार होते. पेशाने लष्करी अधिकारी, चित्रकलेत स्वयंशिक्षित. लष्करातील वरिष्ठांना त्यांचा हा उद्योग पसंत नव्हता. पोटासाठी एक काम आणि मनासाठी दुसरे, ही ओढाताण त्यांनी अनुभवली होती. कलाशाळेचा दाखला न मागणारी नियमावली अशा माणसाच्या हातून घडावी, यात नवल नाही.

७/१४
आता रुसो. जन्म १८४४, फ्रान्समधील लाव्हाल गावी. १८७१ पासून पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी. शहरात येणाऱ्या मद्यावर आणि इतर मालावर कर वसूल करणे हे त्याचे काम. पुढे मित्र त्याला थट्टेने ‘कस्टमवाला’ म्हणू लागले, जरी त्याचे खाते वेगळे होते. १८८४ मध्ये त्याने लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना मिळवला. हीच त्याची शाळा.

८/१४
१८८६ मध्ये स्वतंत्रांच्या प्रदर्शनात त्याची चित्रे प्रथम लागली. त्यांतील ‘कार्निव्हलची संध्याकाळ’ या चित्रात निष्पर्ण झाडांपुढे वेषभूषा केलेले एक जोडपे चंद्रप्रकाशात उभे आहे. लोक त्याच्या चित्रांपुढे थांबत आणि हसत. वृत्तपत्रांनीही टर उडवली. रुसोने ती कात्रणे कापून वहीत चिकटवली, निंदेचीसुद्धा! १८८७ पासून प्रदर्शन वसंतात भरू लागले आणि एखाद-दुसरा खंड वगळता रुसो मरेपर्यंत तेथे हजर राहिला.

९/१४
१८९१ मध्ये त्याने वादळी पावसात, वाकलेल्या गवतातून झेपावणारा वाघ रंगवला. (हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.) फेलिक्स व्हालोताँ या तरुण स्विस चित्रकाराने त्यावर गांभीर्याने लिहिले. या वाघापुढे शेजारची चित्रे दबून जातात, अशा आशयाची ती दाद होती. पदार्पणानंतर पाच वर्षांनी मिळालेली! सलाँच्या परीक्षकांवर सारे अवलंबून असते, तर हा वाघ भिंतीपर्यंत पोहोचला असता का, हा प्रश्न येथे पडतोच.

१०/१४
१८९३ मध्ये रुसोने नोकरी सोडली. निवृत्तिवेतन वर्षाला जेमतेम १,००० फ्रँक. व्हायोलिन आणि चित्रकलेच्या शिकवण्या करून तो गुजराण करी. मित्रांत अशी आख्यायिका पसरली होती की त्याने सैन्यासोबत मेक्सिकोची जंगले पाहिली आहेत. प्रत्यक्षात तो फ्रान्सबाहेर कधीच गेला नाही. त्याचे जंगल पॅरिसमध्येच होते.

११/१४
‘झार्दें दे प्लान्त’ या वनस्पती उद्यानातील काचगृहांत त्याला उष्ण कटिबंधातील झाडे भेटत. तेथल्याच संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी होते. हरणावर तुटून पडलेल्या सिंहाची तेथील मांडणी त्याच्या १९०५ च्या ‘भुकेला सिंह’ या चित्रामागे आहे. गॅलरी लाफायेत या दुकानाने काढलेल्या वन्य पशूंच्या सचित्र पुस्तकावरूनही तो प्राणी घेई. बाग, संग्रहालय आणि एक स्वस्त पुस्तक, ही त्याची सामग्री पॅरिसमधील कोणालाही सहज मिळण्याजोगी होती.

१२/१४
उघड्या दाराला किंमतही मोजावी लागते. १९०८ पर्यंत या प्रदर्शनात ६ हजारांहून अधिक कलाकृती येऊ लागल्या. त्यांतील बहुतेक आज कोणाच्या स्मरणात नाहीत. मात्र व्हॅन गॉगने १८८८ ते १८९० या काळात आपली चित्रे येथेच मांडली. रुसोच्या वाट्यालाही उपेक्षा आलीच. ‘निद्रिस्त जिप्सी’ हे चित्र त्याने १८९८ मध्ये आपल्या जन्मगावाला देऊ केले, पण गावाने घेतले नाही. त्याने काढलेले एका स्त्रीचे चित्र पिकासोला जुन्या बाजारात ५ फ्रँकला मिळाले. कॅनव्हास पुन्हा वापरता येईल, एवढीच विक्रेत्याच्या लेखी त्याची किंमत!

१३/१४
त्या चित्रानंतर १९०८ मध्ये पिकासोने आपल्या स्टुडिओत रुसोच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. त्यात थट्टा किती आणि आदर किती, यावर आजही मतभेद आहेत. १९१० च्या वसंतात रुसोने ‘स्वप्न’ मांडले : घनदाट जंगलात मखमली कोचावर पहुडलेली स्त्री, जवळजवळ तीन मीटर रुंदीचे चित्र. हे त्याचे अखेरचे प्रदर्शन. २ सप्टेंबर १९१० रोजी तो वारला. पुढच्याच वसंतात त्याच संस्थेने त्याच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन भरवले. नाकारलेली ‘जिप्सी’ आणि ‘स्वप्न’ ही दोन्ही चित्रे आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

१४/१४
रुसोची कथा बहुधा ‘उपेक्षित प्रतिभावंता’ची म्हणून सांगितली जाते. तिच्यातील संस्थेचा भाग मात्र निसटतो. त्या संस्थेने रुसोला शिकवले नाही, बक्षीस दिले नाही, त्याची स्तुतीही केली नाही. तिने दरवर्षी एक तारीख आणि एक भिंत दिली. त्या तारखेपर्यंत चित्र पुरे करायचे आणि हसणाऱ्यांसमोर ते टांगायचे, हे रुसो जवळजवळ पंचवीस वर्षे करत राहिला. ती संस्था आजही प्रदर्शन भरवते. गावोगावच्या छोट्या, हौशी चित्रप्रदर्शनांकडे पाहताना जकात नाक्यावरच्या या माणसाची आठवण ठेवायला हवी.