साखरेचा आकडा कोणी वाचावा?

‘शुगर किती निघाली?’ हा प्रश्न आज मराठी घरांतून अगदी सहजपणे विचारला जातो. उत्तरादाखल एक आकडा येतो. त्यावरून ताटातला भात ठरतो, औषधाची मात्रा ठरते आणि पुष्कळदा त्या दिवसाची मनःस्थितीही ठरते. हा आकडा रुग्णाच्या स्वतःच्या हाती येऊन जेमतेम अर्धशतक लोटले आहे, याचा मात्र आपणांस विसर पडला आहे. मधुमेहाच्या उपकरणांचा इतिहास सामान्यतः शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो वाचनाच्या अधिकाराचाही इतिहास आहे. शरीर नावाच्या संहितेचा वाचक कोण, हा प्रश्न त्यात वारंवार उपस्थित होतो, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये.

मुळात ‘मधुमेह’ हा शब्दच एका वाचनाची नोंद आहे. ‘मेह’ म्हणजे मूत्रविसर्जन. ते मधासारखे गोड, म्हणून मधुमेह. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत आढळते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस विलिस याने हीच गोडी चव घेऊन नोंदवली. 1776 साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने असे मूत्र आटवून मागे उरणारा साखरेसारखा साका दाखवला. विसाव्या शतकाच्या आरंभी चवीची जागा रंगाने घेतली. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात मूत्राचे काही थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग हिरव्याकडून पिवळ्या-नारिंगीकडे आणि पुढे विटकरीकडे गेला, की साखर अधिक समजायची.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप याने तो शुद्ध केल्यावर त्याच महिन्यात पुन्हा इंजेक्शने दिली गेली आणि मुलगा सावरला. मृत्यू टळला, पण त्यातूनच वाचनाची नवी अडचण उभी राहिली. इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते आणि अधिक झाले तर ती इतकी उतरते, की माणूस बेशुद्ध होतो. मात्रा ठरवण्यासाठी या क्षणीची साखर ठाऊक हवी. मूत्र ती सांगू शकत नाही. रक्तातील साखर डेसिलिटरमागे साधारण 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली, तरच ती मूत्रात उतरते, तीही काही तासांनी साचून. म्हणजे मूत्र ही शिळी बातमी, आणि साखर घसरल्याची वार्ता तर त्यात नसतेच. या अपुऱ्या संहितेवर विसंबून रुग्णांच्या कित्येक पिढ्यांनी इन्सुलिन टोचून घेतले. रक्ताची तपासणी प्रयोगशाळेत होई, आणि तिचा निकाल डॉक्टर वाचत.

1967 साली रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची आणि वाचकाच्या जन्माची घोषणा केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, त्या घोषणेशी काहीही संबंध नसलेल्या रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन अभियंत्याच्या नजरेस एका व्यावसायिक नियतकालिकातील जाहिरात पडली. रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगणारे यंत्र निघाले होते. वजन सुमारे तीन पौंड, किंमत 650 डॉलर. रात्री प्रयोगशाळा बंद असताना इस्पितळात आलेला बेशुद्ध माणूस मधुमेही आहे की मद्यपी, हे ओळखण्यासाठी ते उपयोगी पडणार होते. बर्नस्टीन यांना वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह होता आणि तिशीतच शरीर खचू लागले होते. यंत्र रुग्णांना विकले जात नव्हते. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावावर ते मागवले गेले.

त्यानंतर दिवसातून अनेक वेळा बोट टोचून बर्नस्टीन स्वतःचे रक्त वाचू लागले. कोणत्या घासाने साखर किती चढते, इन्सुलिनच्या कितक्या मात्रेने ती किती उतरते, याचा ताळा त्यांनी मांडला. प्रकृती सुधारू लागली. या अनुभवावर लिहिलेला लेख वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारला. डॉक्टर नसलेल्या माणसाचे कोणी ऐकत नाही, हे ओळखून त्यांनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करणारा त्यांचा आहार पुढेही वादग्रस्तच राहिला. स्वतःच्या रक्ताचा वाचक होण्याचा त्यांचा हक्क मात्र काळाने मान्य केला. 2025 साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इन्सुलिन देण्याची पद्धतही याच काळात बदलत होती. 1978 साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखाली अखंड इन्सुलिन सोडणाऱ्या लहान पंपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मग 1983 ते 1993 या काळात अमेरिका व कॅनडातील 1441 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटाने पंप किंवा दिवसाला तीन वा अधिक इंजेक्शने वापरली आणि रोज किमान चार वेळा रक्त तपासले. दुसऱ्या गटाने जुनीच रीत ठेवली. पहिल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी आढळला. वारंवार वाचण्याने दृष्टी वाचते, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले.

तरीही अधिकार सहजासहजी सुटत नाही. 1999 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले अखंड मापनयंत्र रुग्णाच्या अंगावर तीन दिवस असे, पण त्याला आकडे दाखवत नसे. नोंदी नंतर दवाखान्यात उतरवून डॉक्टर पाहत. संहिता ज्याच्या शरीराची, त्याच्यापुरती ती मोहोरबंद! पुढच्या यंत्रांनी आकडे दाखवले, पण ते स्वतःजवळच ठेवले. 2013 साली न्यूयॉर्क राज्यातील एका अभियंत्या पित्याने आपल्या लहान मुलाच्या यंत्रातील आकडे आंतरजालावर आणले, जेणेकरून कचेरीत बसूनही ते दिसावेत. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाही’ हे त्या वर्षापासून अशा रुग्णांचे व पालकांचे घोषवाक्य झाले. सिअ‍ॅटलच्या डेना लुइस यांची झोप इतकी गाढ, की यंत्राचा इशारा त्यांना ऐकू येत नसे. त्यांनी स्कॉट लाइब्रँड यांच्या साथीने मापक, एक छोटा संगणक आणि जुना पंप यांची सांगड घातली आणि 2015 साली तो आराखडा सर्वांसाठी खुला केला. एका कंपनीच्या तशाच स्वरूपाच्या यंत्राला अमेरिकेत शासकीय मान्यता मिळाली ती 2016 साली.

आता यंत्र दर पाच मिनिटांनी साखर वाचते आणि त्यानुसार इन्सुलिन सोडते. मग रुग्णाचे वाचकपण संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही. मापकाचा केसाएवढा तंतू रक्तात नसतो. त्वचेखालच्या द्रवात असतो, आणि तेथील साखर रक्ताच्या काही मिनिटे मागे असते. म्हणजे यंत्र वाचते तो अनुवाद. शिवाय समोर आलेल्या पुरणपोळीची वर्दी त्याला अजून बहुतेक वेळा माणसानेच द्यावी लागते. यंत्राने रात्रीची झोप परत दिली, हे मोठेच काम. पण त्याच्या वाचनावर शंका घेणारा वाचक जागा असावा लागतो.

अखेर एक प्रश्न उरतो आणि तो आपल्या अंगणातला आहे. चौदा दिवस चालणाऱ्या एका मापकाला आपल्याकडे काही हजार रुपये पडतात, आणि पंप तर त्याहून कितीतरी महाग. साध्या पट्ट्या जपून वापरणारी, दिवसाआड तपासणारी माणसे आमच्याप्रमाणे आपणही पाहिली असतील. बर्नस्टीन यांच्या वाटेत नियम आडवा आला होता. डॉक्टर पत्नीच्या नावाने तो ओलांडता आला. या माणसांच्या वाटेत किंमत आहे, आणि ती ओलांडायला दुसऱ्याचे नाव उपयोगी पडत नाही.