गोबरगॅसचे अनुदान



माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या परसात विटांनी बांधलेला एक गोल खड्डा होता आणि त्यात लोखंडी टाकी उपडी घातलेली होती. पहाटे ती वर आलेली दिसे, स्वयंपाक उरकला की खाली बसे. त्या घरच्या काकू म्हणत, “चुलीचा धूर गेला, डोळे वाचले बाई!” पुढे टाकी गंजली, तिला भोक पडले. दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. दोन पावसाळ्यांनी खड्ड्यात एरंड उगवला आणि काकू पुन्हा फुंकणी घेऊन चुलीपुढे बसल्या. म्हणून गोबरगॅसच्या अनुदानाचा इतिहास पाहताना ‘किती खड्डे बांधले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती चालले?’ हेही विचारले पाहिजे.

शेण हवाबंद जागी कुजले की त्यातून जळणारा वायू निघतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास यावर प्रयोग झाले होते. १९५१ साली जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा आराखडा केला; त्यांच्या सुधारलेल्या नमुन्याला पुढे ‘ग्रामलक्ष्मी’ हे नाव मिळाले. शेण आणि पाणी समभाग कालवून आत सोडायचे, वायू शेगडीला न्यायचा आणि बाहेर पडणारी मळी शेताला घालायची. गोवरी जाळली की खत गेले. इथे जळणही मिळते आणि खतही हाती राहते. साठीच्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने हे काम हाती घेतले आणि शेतकऱ्याला अनुदान व कर्ज मिळू लागले.

१९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले, तेव्हा सरकारचे लक्ष शेणाकडे अधिकच वळले. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि अनुदान गावोगाव पोचले. महाराष्ट्र या कामात आघाडीवर राहिला.

पण हिशेब मांडून पाहा. दोन घनमीटरच्या लहान संयंत्रालाही रोज सुमारे ५० किलो शेण लागते. जनावरामागे १० किलो धरले, तर दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्याकडे एकच बैलजोडी, त्याने काय करावे? आणि जिला स्वतःचे एकही जनावर नाही, रस्त्यावरचे शेण वेचून जी गोवऱ्या थापते, तिचे काय? शेणाला मोल आले की फुकटचे शेण मिळेनासे होते. म्हणजे गोठा भरलेल्याला अनुदान आणि रिकाम्या हाताच्या बाईला आणखी पायपीट, असेही होऊ शकते.

या अडचणी सरकारला दिसल्या नाहीत असे नाही. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ नमुना आला. त्यात लोखंडी टाकीच नव्हती. विटांचा घुमट जमिनीत बांधायचा. खर्च कमी झाला, गंजाचा प्रश्न मिटला. लहान शेतकरी, अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबे यांना अनुदानाचा दर वाढवून मिळाला. शिवाय संयंत्र बांधून देऊन ठरावीक वर्षे ते चालू ठेवण्याची हमी घेणाऱ्याला वेगळे शुल्क ठेवण्यात आले. माझ्या मते साऱ्या योजनेत हे कलम मोलाचे आहे. पैसा बांधकामाला तर दिलाच, पण चालू ठेवण्यालाही दिला! कारण संयंत्र म्हणजे दावणीचे आणखी एक जनावरच. त्याला रोज खायला घालावे लागते आणि आजारी पडले तर वैद्य जवळ असावा लागतो.

आता काळ सूर्याचा आला आहे. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठरला आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी दिली गेली. हे उत्तमच झाले. पण सहाव्या वर्षी पंप बंद पडला, तर हाकेच्या अंतरावर कोण असेल? गावातला एखादा मुलगा हे काम शिकला आहे का?

गुरुजनहो, एक काम करा. मुलांना घेऊन गावात फिरा आणि गोबरगॅसचे चालू खड्डे किती, बंद किती, ते मोजा. बंद खड्ड्याच्या घरी जाऊन कारण विचारा आणि फळ्यावर लिहा. गावात नवे अनुदान येईल, तेव्हा ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा.